ऑनलाइन सल्ला देणाऱ्या डॉक्टर महिलांनी आपली फी, वेळ आणि नाव कसे सांभाळावे

माझ्या ओळखीचे एक डॉक्टर दांपत्य सोलापुरात एकाच दवाखान्यात काम करते. दोघांची पदवी एकच, अनुभवही जवळजवळ सारखाच, आणि दवाखान्यात दोघांच्या तपासणीची फीही एकच. तरीही ऑनलाइन सल्ल्याच्या ॲपवर कित्येक महिने डॉक्टर पतींची फी ५०० रुपये आणि डॉक्टर पत्नीची ३५० रुपये दिसत होती. हा फरक कोणी विचार करून ठरवला नव्हता. नोंदणीच्या दिवशी रिसेप्शनवरच्या मुलाने दोघांचे अर्ज भरले, साहेबांच्या नावापुढे दवाखान्याचा नेहमीचा दर लिहिला आणि मॅडमसाठी ‘सुरुवातीला थोडी कमी ठेवू’ म्हणून अंदाजाने रक्कम टाकली. मॅडम तेव्हा वॉर्डात राउंडवर होत्या आणि पुढे त्या रकान्याकडे कोणाचेही लक्ष गेले नाही.

मी जुळे सोलापुरात प्रॅक्टिस करते आणि संध्याकाळचे दोन तास ऑनलाइन सल्ल्यासाठी राखून ठेवते. येथे १९६३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे शहरात आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला अशा तालुक्यांच्या गावी शिकून तयार झालेल्या डॉक्टर महिलांची वाण नाही. त्यांच्यापैकी अनेकींशी बोलल्यावर माझे मत असे झाले की ऑनलाइन कामातली स्त्री-पुरुष विषमता फीचा रकाना, अपॉइंटमेंटची मिनिटे, नाव लिहिण्याची पद्धत, आजारांची यादी, अभिप्रायाची विचारणा अशा बारीकसारीक जागी साचत जाते, आणि तिथे तिथे जाऊनच ती काढावी लागते. ते काम कसे करावे, हे मी स्वतः केलेल्या क्रमाने सांगते.

आधी एक महिना वही ठेवा

तक्रार करण्याआधी, फी बदलण्याआधी आणि ॲप सोडण्याचा विचार करण्याआधी एक महिनाभर साधी वही ठेवावी. प्रत्येक ऑनलाइन सल्ल्यासाठी तारीख व वेळ, सल्ला लेखी, फोनवर की व्हिडिओवर, ठरलेली मिनिटे, प्रत्यक्ष लागलेली मिनिटे, मिळालेली फी, रुग्णाची मुख्य तक्रार, आणि सल्ला संपल्यानंतर आलेले निरोप व त्यांच्या उत्तरात गेलेली मिनिटे एवढे लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ते काम बहुधा स्वयंपाकघरात, गाडीत किंवा मुलांच्या अभ्यासाच्या वेळी होते आणि म्हणून ते काम आहे हे आपल्यालाच जाणवत नाही. शक्य असेल तर आपल्याच विषयातल्या, आपल्याएवढ्याच अनुभवाच्या एखाद्या पुरुष सहकाऱ्याला त्याच महिन्यात हीच वही ठेवण्याची विनंती करावी. मी विचारले तेव्हा दोघांनी आनंदाने होकार दिला होता.

महिन्याच्या अखेरीस मिळालेली एकूण फी भागिले एकूण मिनिटे असा हिशेब करावा. समजा, आपली फी ४०० रुपये आणि ठरलेला वेळ १५ मिनिटे आहे, पण प्रत्यक्षात २२ मिनिटे बोलणे झाले आणि नंतरच्या निरोपांना ९ मिनिटे लागली. म्हणजे ३१ मिनिटांचे ४०० रुपये, मिनिटाला सुमारे १३ रुपये. सहकाऱ्याची फी ५०० रुपये आहे, तो १५ मिनिटांत सल्ला आटोपतो आणि नंतर २ मिनिटांत एका निरोपाला उत्तर देतो. त्याला मिनिटाला २९ रुपयांहून अधिक पडतात. ॲपच्या पडद्यावर फरक १०० रुपयांचा दिसतो, वहीत मात्र तो दुपटीहून मोठा निघतो. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, प्रत्येकीने आपले आकडे आपल्याच वहीतून काढावेत.

हे रकाने मी मनाने ठरवलेले नाहीत. अमेरिकेतील प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या २०१७ मधील भेटींचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महिला डॉक्टरांचे रुग्णभेटींतून येणारे वार्षिक उत्पन्न पुरुषांपेक्षा १०.९ टक्क्यांनी कमी आढळले, परंतु प्रत्येक भेटीमागचे उत्पन्न जवळपास सारखेच होते; महिला डॉक्टर प्रत्येक रुग्णाला १५.७ टक्के, म्हणजे सुमारे अडीच मिनिटे अधिक देत होत्या आणि म्हणून त्यांच्याकडून भेटी कमी होत होत्या. बॉस्टन येथील एका रुग्णालयाच्या २०२२ मधील अभ्यासात महिला डॉक्टरांना रुग्णांकडून येणारे संगणकीय निरोप पुरुष सहकाऱ्यांपेक्षा २६ टक्के अधिक असल्याचे दिसले. तिथली व्यवस्था वेगळी असल्याने ते आकडे सोलापूरला लावणे चुकीचे ठरेल, पण कुठे पाहावे हे त्यांनी दाखवून दिले आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हा हिशेब पाहून रुग्णाला दिला जाणारा वेळ कापण्याची घाई करू नये. अमेरिकेतच ६५ वर्षांवरील, रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात महिला फिजिशियनांच्या रुग्णांचे ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ११.०७ टक्के आणि पुरुष फिजिशियनांच्या रुग्णांचे ११.४९ टक्के होते. याचे कारण अधिक वेळ हेच होते असे त्यावरून सिद्ध होत नाही, परंतु नीट ऐकून घेणे ही आपली चूक आहे असे मानण्याचेही कारण नाही. वेळ कायम ठेवून त्या वेळेची फी आणि त्याची नोंद दुरुस्त करणे, हाच मार्ग मला योग्य वाटतो.

फी आणि मिनिटे

भारतात २५ मार्च २०२० रोजी लागू झालेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फीच्या बाबतीत ऑनलाइन सल्ला आणि प्रत्यक्ष तपासणी यांना एकाच दृष्टीने पाहायचे आहे. डॉक्टरने योग्य फी घ्यावी आणि तिची पावती द्यावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणून आपल्या दवाखान्यातील फी हाच आधार धरावा आणि ॲपवर तीच रक्कम स्वतःच्या हाताने भरावी. ॲपच्या प्रतिनिधीने ‘नवीन प्रोफाइल आहे, दर कमी ठेवला तर रुग्ण लवकर येतील’ असे सुचवले, तर त्याच विषयातल्या नव्याने जोडलेल्या पुरुष डॉक्टरांनाही हाच सल्ला दिला आहे का, हे लेखी विचारावे. वेळेच्या बाबतीत, वहीतली सरासरी २२ मिनिटे असेल तर १५ मिनिटांची अपॉइंटमेंट ठेवण्यात अर्थ नाही. ती २० किंवा २५ मिनिटांची करून फी त्या प्रमाणात ठेवावी. अन्यथा प्रत्येक पुढचा रुग्ण ताटकळतो, ‘डॉक्टर उशिरा येतात’ असे अभिप्राय जमतात आणि अनेक ॲपवर त्याचा परिणाम यादीतल्या क्रमावर होतो.

नंतरच्या निरोपांसाठी नियम ठरवून तो पहिल्याच सल्ल्याच्या शेवटी रुग्णाला कळवावा. मी वापरत असलेला मजकूर असा आहे: ‘आज दिलेल्या औषधांविषयी काही शंका असल्यास पुढील तीन दिवसांत याच ॲपवर एकदा विचारावी, तिचे उत्तर विनामूल्य दिले जाईल. नवीन त्रास, नवीन रिपोर्ट किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या तक्रारीसाठी कृपया नवीन अपॉइंटमेंट घ्यावी.’ हा मजकूर लावल्यावर पहिले काही दिवस मला फार अवघडल्यासारखे झाले. ‘मॅडम, फक्त रिपोर्ट बघून सांगा’ हे वाक्य आपण इतकी वर्षे ऐकत आलो आहोत की रिपोर्ट पाहणे हेच वैद्यकीय काम आहे, हे सांगायलाही जीभ रेटत नाही. बहुतेक रुग्णांनी मात्र तो नियम शांतपणे स्वीकारला.

सवलतीबद्दल वेगळे बोलले पाहिजे. शहराच्या पूर्व भागातून विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागाच्या कारखान्यांत राबणाऱ्या घरांतल्या बायका मला ऑनलाइन भेटतात. मुलाच्या मोबाइलवरून, तेही घरातली कामे उरकल्यावर. त्यांच्याकडून पूर्ण फी घेणे मला जमत नाही आणि तसे करावे असे मी कोणालाही सांगणार नाही. पण सवलत ही डॉक्टरने जाणीवपूर्वक दिलेली असावी, म्हणजे प्रोफाइलवर पूर्ण फी ठेवून त्या त्या रुग्णाला सूट द्यावी आणि वहीत तशी नोंद करावी. सरसकट फी कमी ठेवली तर ज्याला परवडते त्यालाही ती सूट मिळते आणि आपल्या कामाची किंमतच तेवढी आहे असा समज पक्का होतो.

नाव, पदवी आणि अनुभवाची वर्षे

महाराष्ट्रातल्या डॉक्टर महिलांना नावाचा प्रश्न पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक छळतो. पदवीवर वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव, वैद्यक परिषदेच्या नोंदणीत कधी माहेरचे तर कधी सासरचे, दवाखान्याच्या पाटीवर सासरचे आणि ॲपवर जे कोणी अर्ज भरला त्याला आठवेल ते. परिणामी एकाच डॉक्टरची दोन प्रोफाइल तयार होतात, अभिप्राय दोन्हीकडे विभागले जातात आणि नोंदणी पडताळताना रुग्णाला शंका येते. मार्गदर्शक तत्त्वांनुसार ॲपने प्रत्येक डॉक्टरचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि संपर्काचा तपशील देणे बंधनकारक आहे. त्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रावर असेल तेच नाव सर्वत्र ठेवावे, दुसरे नाव ‘पूर्वीचे नाव’ म्हणून परिचयाच्या मजकुरात लिहावे आणि जुने प्रोफाइल असेल तर ते केवळ बंद न करवता त्यावरील अभिप्रायांसह एकत्र करण्याची लेखी मागणी करावी. नोंदणीतलेच नाव बदलायचे असेल तर ते आधी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे बदलून घ्यावे आणि मग ॲपकडे जावे. उलट क्रमाने गेल्यास पुन्हा पुन्हा कागद द्यावे लागतात.

पती-पत्नी दोघेही डॉक्टर असलेल्या दवाखान्यात आणखी एक अडचण येते. ॲपवर किंवा नकाशावर दवाखान्याचे एकच पान असते, त्यावर साहेबांचे नाव असते, आणि मॅडमनी तपासलेल्या रुग्णाचा कृतज्ञ अभिप्राय साहेबांच्या खात्यात जमा होतो. माझी एक मैत्रीण अकरा वर्षे रुग्ण पाहत होती आणि तिच्या नावावर एकूण चार अभिप्राय होते. यावर उपाय सोपा आहे: दोघांची स्वतंत्र प्रोफाइल, प्रत्येकाच्या नोंदणी क्रमांकासह स्वतंत्र प्रिस्क्रिप्शन आणि पावती, आणि अभिप्रायासाठी टेबलावर ठेवायचा क्यूआर कोडही प्रत्येकाचा वेगळा.

अनुभवाची वर्षे लिहिताना बाळंतपणाची आणि मुलांच्या संगोपनाची वर्षे वजा करण्याची सवय अनेकींना असते. पुरुष डॉक्टर पदव्युत्तर परीक्षेच्या तयारीसाठी किंवा इतर कारणाने काही काळ प्रॅक्टिसपासून दूर असले तरी ती वर्षे सहसा वगळत नाहीत. अनुभव नोंदणीच्या तारखेपासून मोजायचा की प्रत्यक्ष कामापासून, हे ॲपला विचारावे आणि जो नियम असेल तो सर्वांना एकच आहे याची खात्री करून घ्यावी.

संबोधनाची बाब किरकोळ वाटेल, पण ती नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील वैद्यकीय व्याख्यानांच्या २०१७ मधील अभ्यासात पुरुष वक्त्यांनी पुरुष डॉक्टरांची ओळख करून देताना ७२.४ टक्के वेळा ‘डॉक्टर’ ही उपाधी वापरली होती, तर महिला डॉक्टरांची ओळख करून देताना ४९.२ टक्के वेळाच. आपल्याकडे रुग्ण ‘मॅडम’ म्हणतो त्यात पूर्ण आदर असतो आणि त्याला टोकण्याची काही गरज नाही. मात्र दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांनी फोनवर आणि ॲपने आपोआप जाणाऱ्या संदेशांत दोघांनाही ‘डॉक्टर’ म्हणावे, एवढे ठरवून घ्यावे.

कोणते रुग्ण आपल्यापर्यंत पोहोचतात

वहीतला तक्रारीचा रकाना वाचल्यावर असे दिसेल की फिजिशियन असूनही आपल्याकडे पाळीच्या तक्रारी, केसगळती आणि वजन यांचेच प्रश्न अधिक येतात, आणि मधुमेह, रक्तदाब, दमा यांचे रुग्ण शेजारच्या पुरुष डॉक्टरकडे जातात. ‘लेडी डॉक्टर’ म्हणून शोधणाऱ्या बाईची गरज खरी आहे आणि ती नाकारू नये. सरकारच्या ई-संजीवनी सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्ये दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला तेव्हा लाभार्थ्यांपैकी सुमारे ५७ टक्के महिला असल्याचे सांगण्यात आले होते. जी बाई घराबाहेर पडून दवाखान्यात येऊ शकत नाही, ती पडद्यासमोर तरी येते. परंतु त्या गरजेपोटी आपल्या विषयाची व्याप्ती आकसू देऊ नये. परिचयात आपण पाहतो ते आजार नावाने लिहावेत, ‘स्त्री व पुरुष दोन्ही रुग्ण तपासले जातात’ हे वाक्य पहिल्या दोन ओळींत घालावे आणि येत असलेल्या भाषा नोंदवाव्यात. सोलापुरात मराठीसोबत तेलुगू किंवा कन्नड बोलता येत असेल तर ती मोठी जमेची बाजू आहे. अस्थिरोग किंवा शल्यचिकित्सा अशा विषयांतील महिलांनी तर आपण करीत असलेल्या शस्त्रक्रियांची नावे अवश्य द्यावीत.

अभिप्राय

माझ्या स्वतःच्या प्रोफाइलवरचे अभिप्राय एकदा सलग वाचले तेव्हा ‘प्रेमळ’, ‘हसतमुख’, ‘बहिणीसारख्या’ हे शब्द वारंवार भेटले. निदान बरोबर होते का, औषध लागू पडले का, याचा उल्लेख क्वचितच होता. प्रेमळ म्हटल्याचा मला आनंदच आहे, पण पुढच्या रुग्णाला त्यातून माझ्या वैद्यकीय कौशल्याविषयी काहीच कळत नाही. त्यानंतर मी विनंतीचा मजकूर बदलला: ‘आजार समजावून सांगितला का, औषधे कशी घ्यायची ते कळले का, त्रास कमी झाला का, याविषयी दोन ओळी लिहाव्यात.’ प्रश्न बदलल्यावर उत्तरेही बदलली. ही विनंती प्रत्येक रुग्णाला एकाच पद्धतीने जावी. फक्त खूश दिसणाऱ्यांना विचारणे प्रामाणिकपणाचे नाही.

रूप, पोशाख, वैवाहिक स्थिती किंवा आवाज यांविषयीचा मजकूर हा वैद्यकीय सेवेचा अभिप्राय नव्हे. त्याला सार्वजनिक उत्तर देत बसू नये, तारखेसह स्क्रीनशॉट काढून ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तो काढण्याची मागणी करावी. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. ते ऐच्छिक असले तरी ‘आपण ते पाळता का’ हा प्रश्न तक्रारीत अवश्य घालावा. वैद्यकीय टीकेला उत्तर देताना रुग्णाचा आजार, औषधे किंवा भेटीचा तपशील उघड करू नये, आरोप कितीही खोटा वाटला तरी.

व्हिडिओ कॉलवरचा त्रास

रात्री उशिरा कॉल येतो, पलीकडचा माणूस नाव सांगत नाही, तक्रार लैंगिक असल्याचे सांगतो आणि थोड्याच वेळात ती तक्रार नसल्याचे लक्षात येते. असा अनुभव आलेल्या डॉक्टर महिला मला एकाहून अधिक भेटल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींनी त्यानंतर संध्याकाळचे ऑनलाइन काम बंद केले. काम बंद करण्याआधी हे अधिकार माहीत असावेत. मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्ण आणि डॉक्टर या दोघांनाही एकमेकांची ओळख कळलीच पाहिजे, निनावी सल्ला चालत नाही. शिवाय कोणत्याही टप्प्यावर ऑनलाइन सल्ला पुढे न नेण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकते. म्हणून नाव, वय आणि पत्ता विचारल्याशिवाय बोलणे सुरू करू नये, स्वतःचा खासगी क्रमांक देऊ नये आणि सल्ल्याच्या वेळा प्रोफाइलवर स्पष्ट लिहाव्यात. वर्तन आक्षेपार्ह झाले तर ‘हा सल्ला मी येथे थांबवत आहे’ एवढेच बोलून कॉल बंद करावा. प्रकृतीची खरी तातडी असल्याची शंका असेल तर १०८ क्रमांकावर फोन करून जवळच्या रुग्णालयात जाण्यास सांगूनच थांबावे. लगेच केस नोंदीत वेळ व कारण लिहावे आणि त्याच दिवशी ॲपला ईमेलने कळवावे. लैंगिक छळासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ७५, पाठलागासाठी कलम ७८ आणि अश्लील मजकूर पाठवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ आहे. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर करता येते.

असा कॉल बंद केल्यामुळे ‘डॉक्टरने रद्द केलेले सल्ले’ या हिशेबात आपली संख्या वाढते का, हे ॲपला विचारायला बहुतेक जणी विसरतात. ती वाढत असेल, तर त्रास सोसण्याची शिक्षा यादीत खाली ढकलून पुन्हा एकदा होते.

ॲपला लिहायचे पत्र

एकटीने लिहिलेले पत्र उत्तराविना राहते, पाच-सात जणींनी मिळून लिहिलेल्या पत्राला उत्तर येते, हा माझा अनुभव आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या सोलापूर शाखेतल्या किंवा आपल्या विषयाच्या संघटनेतल्या सहकाऱ्यांना सोबत घ्यावे. पुरुष डॉक्टरांच्या सह्या असतील तर फारच उत्तम. पत्रात तक्रारीचा सूर न लावता नेमके प्रश्न विचारावेत: यादीतला क्रम कोणत्या बाबींवर ठरतो, ऑनलाइन हजर असलेल्या तासांना त्यात किती वजन आहे, प्रसूतीच्या रजेसाठी प्रोफाइल थांबवल्यास क्रम आणि अभिप्राय टिकतात का, नवीन डॉक्टरला सुचवली जाणारी फी कशावरून ठरते, आणि एकाच शहरात, एकाच विषयात, सारख्या अनुभवाच्या महिला व पुरुष डॉक्टरांच्या सरासरी फीत फरक आहे का. आपल्या वह्यांतले आकडे नावे वगळून सोबत जोडावेत. आपल्या मजकुरात रुग्णाची ओळख पटेल असे काहीही नसल्याची खात्री करावी.

दवाखाना चालवणाऱ्यांनी आपल्याकडील सर्व डॉक्टरांची ॲपवरील फी, मिनिटे आणि अनुभवाची वर्षे एका कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहावीत, त्याला अर्धा तासही लागत नाही. वर उल्लेख केलेल्या दांपत्याने तेच केले, आणि फी दुरुस्त करण्याचा अर्ज डॉक्टर पतींनी स्वतः भरला.

सहा महिन्यांनी पुन्हा एक महिना वही ठेवावी. त्यासाठी महिना निवडताना जानेवारी टाळावा, कारण सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या काळात शहरातल्या रुग्णांची ये-जा नेहमीसारखी नसते. पंढरपूर आणि आसपासच्या सहकाऱ्यांनी आषाढी वारीचा महिना टाळावा. पहिली वही फेब्रुवारीत ठेवली तर दुसरी ऑगस्टमध्ये येते आणि पावसाळ्यातल्या तापाचे रुग्ण वाढलेले असतात, म्हणून रुग्णसंख्येची तुलना न करता केवळ मिनिटामागची फी आणि नंतरच्या निरोपांची मिनिटे हे दोनच आकडे पहिल्या वहीशी ताडून पाहावेत.